टिकणारं विकत आणा, न टिकणारं घरी करा

पत्र : गेली कित्येक वर्षं आमच्याकडे सण म्हणजे मिठाईच्या दुकानासमोरची रांग. यंदा मी ठरवलं, वर्षभरातल्या प्रत्येक सणाचं गोड घरीच करायचं. कॅलेंडर समोर घेऊन 22 पदार्थांची यादी केली. त्यात संक्रांतीच्या हलव्यापासून दिवाळीच्या अनारशांपर्यंत सगळं आहे, नाताळचा केकसुद्धा. तिळाच्या वड्या झाल्या त्या खलबत्त्यात फोडाव्या लागल्या. होळीला पुरणपोळ्या तव्यावरच फाटल्या. पाडव्याचं श्रीखंड आंबट झालं, म्हणून साखर वाढवली तर ते पातळ झालं. नवरा म्हणतो, 'सगळं मिळतं की दुकानात, कशाला जिवाचा आटापिटा?' सासूबाई सुगरण आहेत, पण गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नाही आणि प्रमाण विचारलं की 'अंदाजाने घाल' म्हणतात. लेक दहा वर्षांची, तिला फक्त केक हवा असतो. आम्ही दोघंही नोकरीला, सकाळी आठच्या आत लोकल पकडायची. गणपती दीड-दोन महिन्यांवर आलेत आणि उकडीच्या मोदकांच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. यादी सोबत पाठवतेय. काय ठेवू, काय गाळू आणि सुरुवात कुठून करू?
– हौस दांडगी, हाताला यश नाही, डोंबिवली

उत्तर :

तुमची यादी दोनदा वाचली. हौसेला मोल नाही हे खरं, पण ही यादी एका माणसाची नाही. ती चार जावा, दोन नणंदा आणि एक रिकामी आजेसासू असलेल्या वाड्याची आहे. तिथेसुद्धा कुणी एकटीने हे सगळं करत नव्हतं. तेव्हा आधी निम्मी यादी खोडून टाकू. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे, आणि ती तुमच्या नवऱ्यानेच नकळत दिलीय.

दुकानात 'सगळं मिळतं' असं ते म्हणतात. पण तसं नाही. दुकानात जे टिकतं ते मिळतं. हलवाई सकाळी केलेला माल संध्याकाळपर्यंत, जमलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत विकतो. त्यात त्याची काही लबाडी नाही, धंदाच तसा आहे. त्यामुळे पेढा, बर्फी, सोनपापडी, बालुशाही हे त्याचं राज्य. मात्र वाफेतून काढल्यावर दहा मिनिटांत खायचा मोदक, हळदीच्या पानातून नुकती सोडवलेली पातोळी, पायरीचा त्याच वेळी काढलेला रस, फणसाचं ऊन सांदण हे त्याला परवडतच नाही. ओल्या नारळाचं सारण दुसऱ्या दिवशी वास मारतं, उकड गार झाली की चामट होते. म्हणून जे टिकतं ते खुशाल विकत आणा आणि जे टिकत नाही तेवढंच घरी करा. एवढ्याने यादीतले अकरा-बारा पदार्थ आपोआप गळतात.

पहिला गाळा काटेरी हलवा. परातीत मंद आचेवर थोडा थोडा पाक घालत, बोटांनी दाणे फिरवत तासन् तास बसायचं असतं, आणि त्याला काटा फुटायला कोरडी थंडी लागते. डोंबिवलीच्या दमट हवेत त्याच्या नादी लागू नका. घाटावर, कडाक्याच्या थंडीत करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडून घ्या.

दुसरे अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, उपसून अर्धवट ओले असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा पुढे चार-पाच दिवस मुरवायचा. मग खसखशीवर थापून तुपात एकाच बाजूने, मंद आचेवर तळायचा. एवढं करून गुळात जरा पाणी जास्त असलं की अनारसा कढईत हसतो, म्हणजे तुपात विरघळून पसरतो, आणि आपल्याला रडवतो. अधिक मासात जावयाला 33 अनारसे द्यायची रीत आहे, त्यात जावयाच्या कौतुकाइतकंच करणारीच्या कसबाचं प्रदर्शन होतं असं मला नेहमी वाटतं. तुमच्या भागातल्या एखाद्या बचत गटाकडून आणा, त्या भगिनींचे हात त्यात तयार असतात. चिरोटे, मोतीचूर आणि नाताळचा प्लम केक यांनाही हाच न्याय. केकचा सुकामेवा रममध्ये काही आठवडे आधीपासून भिजवावा लागतो, आणि आपल्याला आठवण येते 23 डिसेंबरला.

दिवाळीत तुम्ही सात जिन्नस लिहिलेत. फराळ मुळात टिकण्यासाठीच असतो, त्यामुळे माझ्या कसोटीवर तो सगळाच विकत आणण्याजोगा. पण घरात बेसन भाजल्याचा वास आला नाही तर दिवाळी आल्यासारखी वाटत नाही, हे मलाही कळतं. बेसनाचे लाडू तेवढे ठेवा. बेसन थोडं रवाळ घ्या, तूप हात राखून सुरू करा, अर्धा तास ढवळायची तयारी ठेवा आणि पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच घाला. बाकी सहा खोडा.

आता बिघडलेल्यांकडे वळू.

वड्या दगड का झाल्या? बहुतेक तुम्ही चिक्कीचा गूळ आणलात. दुकानदार संक्रांतीला न विचारता तोच पुढे करतो. तो लाडवांना आणि चिक्कीला ठीक. मऊ वडीला साधा, पिवळसर, शक्यतो नवा गूळ घ्या. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात, म्हणजे संक्रांतीला ताजा गूळ बाजारात असतोच. नवे तीळही तेव्हाच आलेले असतात. वाटीभर तीळ भाजून अर्धेमुर्धे कुटा, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटीच्या वर गूळ, चमचाभर तूप. गूळ विरघळला आणि त्याला फेस आला की गॅस बंद, लगेच तीळ-कूट घालायचं. पाक करत बसायचं नाही. शंका आली तर वाटीत गार पाणी घेऊन त्यात एक थेंब टाका. बोटांनी दाबल्यावर त्याची मऊ गोळी झाली तर वडी मऊ होणार. थेंब तळाशी जाऊन टणकन वाजला तर ती चिक्की झाली. तेव्हा हळहळू नका, पातळ लाटून तुकडे करा आणि चिक्की म्हणूनच द्या, कुणी विचारत नाही. थापायचं आणि कापायचं दोन्ही गरम असतानाच.

श्रीखंडाचं दुखणं साखरेत नाही, दह्यात आहे. चैत्रातल्या उन्हाळ्यात विरजण चार-पाच तासांत लागतं. तुम्ही रात्री लावून सकाळी बांधलं असणार, आणि दिवसभर ते गच्चीच्या दारापाशी किंवा नळाला टांगलेलं असणार. तिथे ते आंबतच राहिलं. आंबट चक्क्यात साखर वाढवली की तो पाणी सोडतो, आंबटपणा मात्र जागच्या जागी. नोकरी सांभाळून असं करा : पाडव्याच्या दोन दिवस आधी ऑफिसमधून आल्यावर म्हशीच्या दुधाला विरजण लावा. झोपण्यापूर्वी दही लागलेलं असेल, ते फ्रीजमध्ये ढकला. सकाळी निघण्यापूर्वी पंचात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, वर एखादं वजन, आणि हे सगळं प्रकरण फ्रीजमध्ये. संध्याकाळी घट्ट, गोड चक्का तयार. साखर पूर्वी बरोबरीने घालत, आता पाऊणपट पुरते. साखर मिसळून दोन तास तसंच ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. पाडव्याला त्यात आंबा घालायचा मोह आवरा. तेव्हाचा हापूस महाग असतो आणि बहुधा घाईने पिकवलेला. अक्षय तृतीयेपर्यंत थांबा. पितरांना दाखवल्याशिवाय आंबा खायचा नाही, असं पाळणारी घरं अजून आहेत. त्यामागे काय असेल ते असो, त्या सुमाराला आंबा खरंच खाण्यालायक झालेला असतो. आम्रखंडाला हापूस घ्या, त्याचा गर घट्ट. रसाला पायरी.

पुरणपोळी या वर्षापुरती यादीतून काढा. रुसू नका, पुरण काढायचं नाहीये. पोळी हा वेगळा विषय आहे, कणीक सैल भिजवणं, तेलात मुरवणं, हलक्या हाताने लाटणं. आधी पुरणावर हात बसू दे. वाटीभर हरभराडाळ, वाटीभर गूळ, उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. हे पुरण नागपंचमीला दिंडांत भरता येतं : कणकेची लहान पुरी, मध्ये पुरण, चारही बाजूंनी घडी, आणि वाफवायचं. लाटताना फाटायची भीतीच नाही. उरलेलं पुरण डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतं.

आणि आता ज्याच्यासाठी तुम्ही मुळात पत्र लिहिलंत ते उकडीचे मोदक.

तुम्ही थेट चतुर्थीला, सकाळी सातला, सोवळ्याच्या गडबडीत, आयुष्यातला पहिला मोदक वळायला निघालात. पोटात गोळा येणारच. पण आपलं पंचांग पाहा, त्यात मोदकाची शिकवणी लावलेलीच आहे. चतुर्थीच्या महिनाभर आधी, श्रावण शुद्ध पंचमीला नागपंचमी येते. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही अशी रीत. मग राहिलं काय? वाफवणं. म्हणून देशावर दिंडं आणि कोकण-गोव्यात पातोळ्या. पातोळी म्हणजे मोदकच, फक्त कळ्या नसलेला. तेच ओल्या खोबऱ्याचं आणि गुळाचं सारण, तीच तांदळाची पिठी, तेच हळदीचं पान.

नागपंचमीला पातोळ्या कराच. दोन वाट्या खोवलेलं खोबरं, एक वाटी गूळ, वेलची. मंद आचेवर गूळ विरघळून मिश्रण एकत्र येऊ लागलं की उतरवा. कोरडं ठक्क होईपर्यंत ठेवलंत तर गार झाल्यावर वाळूसारखं होतं. पिठी पाण्यात चिमूटभर मीठ घालून थापता येईल इतपत सैल भिजवा. पान धुऊन, देठाकडची जाड शीर सुरीने जरा सपाट करा (ही चिरण्यात धरायची का, ते सासूबाईंना विचारा). ओल्या बोटांनी पिठीचा पातळ थर पसरा, अर्ध्या भागावर सारण, पान मिटा, मोदकपात्रात दहा-बारा मिनिटं. झाकण उघडल्यावर येणारी पहिली वाफ लेकीला हुंगू द्या. मग पान एका टोकाला धरून हळूच सोलायचं. पांढऱ्या पातोळीवर पानाच्या सगळ्या शिरा उमटलेल्या असतात. पीठ जाड थापलं गेलं असेल तर ते तिथेच दिसतं, आणि पुढची पातळ होते.

हळदीची पानं श्रावण-भाद्रपदात बाजारात मिळतात. पुढच्या मे महिन्यात मात्र एक ओलं हळकुंड गॅलरीतल्या कुंडीत पुरा, पावसाळ्यात घरची पानं होतील.

पातोळीने सारण शिकवलं आणि वाफ शिकवली. चतुर्थीसाठी उरली फक्त उकड. त्यासाठी नारळी पौर्णिमेनंतरचा एखादा रविवार राखून ठेवा. वाटीला वाटी पाणी, त्यात चमचाभर तूप आणि मीठ. खळखळलं की पिठी घाला, ढवळा, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ येऊ द्या, मग गॅस बंद करून झाकण तसंच. पिठी आंबेमोहोरासारख्या चिकट, वासाच्या तांदळाची हवी. मळायची ती हाताला चटके बसतात तेव्हाच, वाटीच्या बुडाने सुरुवात करा आणि मग तेल-पाण्याच्या हाताने. पारीच्या, म्हणजे सारण भरायला केलेल्या उकडीच्या वाटीच्या, कडा फाटत असतील तर मळणं कमी पडलंय किंवा उकड कोरडी आहे. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय. कळ्या पाच पडल्या तरी पुरे, एकवीस कळ्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे बघू नका. वळलेला मोदक गार पाण्यात बुडवून मग पात्रात ठेवा, तडकत नाही. वाटीभर पिठीत आठ-दहा होतात. नैवेद्याला 21 लागतात असं म्हटलं जाईल, पहिल्या वर्षी 11 करा. गणपती इतका हिशेबी नाही.

सासूबाईंचा अंदाज वाया घालवू नका, फक्त त्याचं वजन करा. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी खुर्ची आणि समोर ताट ठेवा. पीठ, गूळ, खोबरं त्यांनी त्यांच्या हाताने, त्यांच्या मनाने परातीत घ्यायचं, आणि तुम्ही ते भिजवण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवून लिहून घ्यायचं. 'किती घालू?' असं विचारलं की जुन्या सुगरणी गोंधळतात, हातात पीठ दिलं की नाही. कळ्या पाडायला तर बसूनच लागतं. तेव्हा गुडघ्यांची सबब तुमच्याही कामाची नाही आणि त्यांच्याही.

लेकीच्या केकचं उत्तर पावसाळ्यातच आहे. भाद्रपदात बाजारात मोठाल्या, पिवळट पडलेल्या जून काकड्या येतात. कोकणात तिला तवसं म्हणतात आणि तिचा जो गोड प्रकार होतो तो तवसळी किंवा धोंडस. दोन वाट्या तांदळाचा रवा तुपावर भाजा. दोन वाट्या काकडीचा कीस, पाण्यासकट. सव्वा वाटी गूळ, मूठभर ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर हळद. अर्धा तास मुरू द्या, घट्ट वाटलं तर काकडीचंच पाणी घाला. पूर्वी पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. तुम्ही ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास ठेवा, सुरी कोरडी निघेपर्यंत. मैदा नाही, अंडं नाही. वरून क्रीम हवं असेल तर घालू दे तिला, आकाश कोसळत नाही. नाताळात तिला कुलकुल करू द्या. शंकरपाळ्यांसारखंच पीठ, पण नारळाच्या दुधात भिजवलेलं. काटा-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर छोटी गोळी दाबून गुंडाळायची की शिंपला तयार होतो. गोव्यात नाताळच्या आधी घरातली सगळी पोरं याच कामाला बसवतात. टिकतात म्हणाल तर टिकतात, पण हा अपवाद मी तिच्यासाठी करते.

राहिले काही. कोजागरीचं मसाला दूध ठेवा, त्याला येणं-न येणं काही नसतं. गाजर हलवा लाल, रसरशीत गाजरं आली की करा, तारीख बघून करू नका. तुमच्या यादीत अळिवाचे लाडू नाहीत, कारण त्यांना सण नाही. मार्गशीर्षातल्या थंडीसाठी ते लिहून ठेवा. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, खोबरं-गुळात आटवायचे. ते फ्रीजमध्येही चार-पाच दिवसच राहतात, म्हणून ते बाजारात क्वचितच धड मिळतात. मे महिन्यात बरका फणस हाती लागला तर सांदणंही. त्याची कृती तेव्हा विचारा.

सुरुवात कुठून, तर याच आषाढातून. अमावास्येला दिव्यांची आवस आहे, घरातले दिवे घासूनपुसून मांडायचा दिवस. त्या संध्याकाळी कणकेचे गोड दिवे करा. मोदकपात्र माळ्यावरून काढायचं निमित्त तेच. वाटीभर कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला, चमचाभर तूप, जरा सुंठ. घट्ट मळा, लिंबाएवढे गोळे करा, अंगठ्याने मध्ये खळगा पाडा. तूप लावलेल्या चाळणीत पंधरा मिनिटं वाफवा. पहिल्या पाच-दहा मिनिटांत झाकण उघडून बघू नका. दोन दिव्यांत फुलवात लावून ओवाळा, बाकीचे गरम असतानाच, खळग्यात तूप सोडून खा. ऑफिसमधून आल्यावर तासाभरात होतात. बिघडले तर पाव किलो कणीकही वाया जात नाही, आणि नागपंचमीला पुढे पाच दिवस असतात.